रेघ उमटली नाही, तेव्हा नेमकं काय नव्हतं?



आजचा विषय ऐकून काही जण जरा गोंधळले असतील. टॅबलेटच्या पडद्यावर एखाद्या भागात पेन चालेनासं झालं तर काय करायचं, हा प्रश्न खरं म्हणजे दुरुस्तीच्या दुकानातला. तो तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसापुढे कशाला? पण या मालेत आपण ‘आपल्याला एखादी गोष्ट कळते म्हणजे काय होतं’ या प्रश्नाभोवती फिरत आहोत. एखादी गोष्ट ‘आहे’ हे कसं कळतं, याचा विचार सगळेच करतात. ‘नाही’ हे कसं कळतं, याचा विचार आपल्याकडच्या शास्त्रकारांनी फार बारकाईने केला आहे. तो नुसता पोथीत राहू नये, म्हणून आज उदाहरण टॅबलेटचं घेऊ.

समजा, एक बाई आहेत. घरी बारावीच्या मुलांना गणित शिकवतात. दोन वर्षांच्या सगळ्या नोट्स त्यांनी टॅबलेटवर पेनाने, हाताने लिहिल्या आहेत. एके दिवशी काय होतं, पडद्याच्या उजव्या बाजूला खाली, साधारण तळहाताएवढ्या जागेत पेन उमटेनासं होतं. समीकरण लिहीत लिहीत हात तिथे पोचला की रेघ तुटते. बाकी पडदा व्यवस्थित. बाई दुकानात जातात. दुकानदार बघतो आणि सांगतो, ‘मॅडम, डिस्प्ले गेला, बदलावा लागेल.’ घरी आल्यावर भाचा सांगतो, ‘मावशी, काही नाही, फॅक्टरी रीसेट मार, सगळं ठीक होईल.’

आता या दोन सल्ल्यांची किंमत बघा. डिस्प्ले बदलायचा म्हणजे मोठा खर्च. जुन्या टॅबलेटच्या बाबतीत तर त्यापेक्षा नवा घ्या, असंच कोणीतरी म्हणतं. आणि रीसेट म्हणजे यंत्राची पाटी कोरी करणं. बॅकअप नसेल तर दोन वर्षांचं लिखाण गेलं. एकात पैसे जातात, दुसऱ्यात श्रम जातात. आणि दोन्ही सल्ल्यांमागचा पुरावा एकच आहे: इथे रेघ उमटत नाही. एवढ्याशा पुराव्यावर एवढी मोठी उडी मारता येते का? आजच्या व्याख्यानाचा प्रश्न तेवढाच.

‘नाही’ कळण्याची अट

आपल्या परंपरेत यासाठी घटाचं उदाहरण देतात. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कसं कळतं? नैयायिक म्हणतात, डोळ्यांनीच कळतं. घट जसा दिसतो तसा घटाचा अभावही जमिनीचं विशेषण म्हणून दिसतो. कुमारिल भट्टांचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैती वेदान्ती म्हणतात, नाही, डोळ्यांना फक्त जमीन दिसते. अभाव कळायला वेगळं प्रमाण मानावं लागतं, त्याचं नाव अनुपलब्धी. न मिळणं, न आढळणं. हा वाद शेकडो वर्षं चालला. पण एका अटीवर दोन्ही पक्षांचं एकमत आहे, आणि आपल्याला आज ती अटच हवी आहे.

ती अट म्हणजे योग्यता. घट दिसला नाही, एवढ्यावरून घट नाही असं म्हणता येत नाही. घट तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेड हवा, डोळे ठीक हवेत, मध्ये पडदा नको. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही तर ‘घट नाही’ असं कोणी म्हणणार नाही. ‘दिसत नाही’ एवढंच म्हणेल. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. जे आढळण्याजोगं असूनही आढळलं नाही, त्याचाच अभाव सिद्ध होतो.

आता हे टॅबलेटला लावा. दुकानदार म्हणतो, ‘रेघ उमटली नाही, म्हणून काच मेली.’ आपण विचारायचं, ‘काच जिवंत असती तर रेघ उमटलीच असती, अशी परिस्थिती होती का?’ पेन ठीक होतं? ॲप ठीक होतं? कव्हर मध्ये येत नव्हतं? याची खात्री केली नसेल, तर तो अंधाऱ्या खोलीतला माणूस आहे. त्याचं म्हणणं कदाचित खरंही निघेल, पण ते त्याला कळलेलं नाही.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात स्क्रू काढण्यापासून होत नाही. रेघ उमटायला काय काय जुळून यावं लागतं, ते आधी माहीत पाहिजे.

रेघ उमटायला काय लागतं

सगळी पेनं एकसारखी नसतात. ढोबळमानाने तीन जाती आहेत, आणि आपलं पेन कोणत्या जातीचं हे न कळता केलेली तपासणी वाया जाते.

पहिली जात साध्या रबरी टोकाच्या पेनाची. दुकानात शंभर-दोनशे रुपयांना मिळतं ते. हे पेन म्हणजे लांब केलेलं बोटच. आजच्या टॅबलेटच्या काचेखाली पारदर्शक वाहकाच्या उभ्या-आडव्या रेषांचं एक जाळं असतं. हा वाहक बहुधा इंडियम टिन ऑक्साइडचा असतो. बोट जवळ आलं की त्या ठिकाणची विद्युतधारिता बदलते, आणि यंत्राला जागा कळते. रबरी पेन तुमच्या हातातून तोच परिणाम टोकापर्यंत पोचवतं. त्यामुळे या पेनाला जिथे पडदा कळत नाही, तिथे बोटालाही बहुधा कळत नाही. आणि बोटाला कळत असेल, तर पेनाचं रबर झिजलंय किंवा फाटलंय असं समजायचं.

दुसरी जात बॅटरीवर चालणाऱ्या सक्रिय पेनाची. २०१५ साली आलेली ॲपल पेन्सिल याच जातीची. हे पेन स्वतः एक बारीकसा विद्युत संकेत सोडतं, आणि बोटासाठी असलेलं तेच जाळं तो संकेत ऐकतं. म्हणजे बोट आणि पेन यांचा कान एकच आहे, पण त्या कानाला दोन बोली येतात.

तिसरी जात विद्युतचुंबकीय अनुनादाची. १९८३ साली स्थापन झालेल्या जपानच्या वॅकॉम कंपनीने ही पद्धत रुजवली. सॅमसंगच्या नोट मालिकेतल्या फोनांमध्ये २०११पासून आणि पुढे त्यांच्या अनेक टॅबलेटांमध्ये हेच तंत्र आहे. इथे पडद्याच्या मागे एक वेगळाच फलक असतो, त्यावर तारांच्या वेटोळ्यांचं जाळं. हा फलक एक बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतो. पेनात एक गुंडाळी आणि एक धारित्र असतं. ते त्या क्षेत्राशी अनुनाद साधतं, थोडी ऊर्जा साठवतं आणि परत पाठवतं. फलक क्षणभर बोलतो, मग क्षणभर गप्प बसून ऐकतो. कोणत्या वेटोळ्याला किती जोरात ऐकू आलं, त्यावरून पेनाची जागा ठरते. त्यामुळे या पेनाला लिहिण्यासाठी बॅटरी लागत नाही. काहींमध्ये बॅटरी असते, पण ती दुरून फोटो काढणं वगैरे कामांसाठी. ती उतरली म्हणून लिहिणं थांबत नाही.

एकाच नावाच्या यंत्रातही जात बदलू शकते बरं का. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रोच्या पहिल्या दोन पिढ्या, २०१३ सालच्या, वॅकॉमच्या तंत्रावर होत्या. २०१४ची तिसरी पिढी एन-ट्रिग कंपनीच्या सक्रिय पेनावर गेली. एकाचं पेन दुसऱ्यावर चालत नाही. तेव्हा ‘मित्राचं पेन लावून बघितलं, तेही चालेना, म्हणजे काच गेली’ असं म्हणण्याआधी दोन्ही पेनं एका जातीची आहेत ना, हे पाहायला हवं.

या फरकातून लगेच एक उपयोगाची गोष्ट मिळते. आपल्या बाईंचा टॅबलेट तिसऱ्या जातीचा आहे असं धरू. त्यात बोटाचा कान काचेखाली आहे आणि पेनाचा कान पडद्यामागे. त्या कोपऱ्यात बोट चालतं आणि पेन चालत नाही, असं दिसलं तर काचेखालचं जाळं आणि दिसणारा पडदा, दोन्ही बहुधा ठीक आहेत. संशय मागच्या फलकाकडे किंवा त्याच्या आसपास वळतो. बोटाची परीक्षा लिहून मात्र घेऊ नका. कितीतरी ॲपमध्ये ‘फक्त पेनानेच लिहायचं’ अशी सोय चालू असते, त्यामुळे बोट उमटत नाही आणि आपण उगाच घाबरतो. होम स्क्रीनवरचं एखादं चिन्ह बोटाने धरून त्या भागातून सावकाश फिरवा. मध्येच हातातून सुटलं तर बोटालाही तो भाग कळत नाही.

दोष कोणाबरोबर चालतो?

आता खऱ्या तपासणीकडे येऊ. फ्रेंच विचारवंत पियेर द्यूएम यांनी १९०६ सालच्या आपल्या ग्रंथात एक गोष्ट दाखवून दिली होती. प्रयोग फसतो तेव्हा तो एकट्या गृहीतकाला खोटं पाडत नाही, अख्ख्या गठ्ठ्याला खोटं पाडतो. गठ्ठ्यातलं कोण चुकलं, ते प्रयोग सांगत नाही. आपली रेघही तशीच आहे. हात, पेन, कव्हर, काच, फलक, सॉफ्टवेअर, ॲप, एवढे सगळे जुळले तर रेघ. एक जरी फिरला तरी रेघ नाही. आणि कोणीही फिरला तरी पडद्यावर दिसतं ते एकच: काहीच नाही.

मग गठ्ठा सोडवायचा कसा? आपल्याकडे याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. जे असताना दोष असतो आणि जे काढल्यावर दोष जातो, तिकडे बोट दाखवायचं. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली ‘सिस्टिम ऑफ लॉजिक’मध्ये भेदाची रीत म्हणून जी सांगितली, ती याचीच पाश्चात्त्य बहीण. बाकी सगळं तसंच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची, आणि पाहायचं. साध्या भाषेत आपण असं म्हणू: दोष कोणाबरोबर चालतो ते बघा.

आधी नकाशा काढू. चित्र काढायचं एखादं साधं ॲप उघडा, कोरं पान घ्या, आणि एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरप्या रेघा ओढा. साधारण एक सेंटिमीटर अंतराने, सावकाश, सगळा पडदा भरेपर्यंत. तिरप्याच का? कारण खालच्या जाळ्यातल्या रेषा उभ्या-आडव्या असतात. आडवी रेघ एखाद्या बिघडलेल्या पट्टीच्या शेजारून सुखरूप निघून जाऊ शकते. तिरप्या रेघेला प्रत्येक पट्टी ओलांडावीच लागते. जिथे जिथे रेघ तुटली, त्या जागा मिळून एक आकार दिसेल. त्याचा दुसऱ्या फोनवर फोटो काढून ठेवा.

अँड्रॉइड टॅबलेटवर याहून चांगली सोय आहे. सेटिंग्जमध्ये टॅबलेटच्या माहितीत जाऊन ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात ‘पॉइंटर लोकेशन’ चालू केलं की कोणतंही ॲप असो, यंत्राला जिथे स्पर्श कळला तिथे यंत्र स्वतःच रेघ आखतं. त्यामुळे ‘यंत्राला कळलं पण ॲपने लिहिलं नाही’ आणि ‘यंत्रालाच कळलं नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या होतात. काम झालं की ते बंद करायला विसरू नका.

आता टॅबलेट उलटा फिरवा. वरचं खाली. चित्र आपोआप फिरेल. मुका भाग कुठे गेला? काचेच्या त्याच जागी राहिला, म्हणजे आता तुमच्या दृष्टीने डावीकडे वर आला, तर दोष काचेबरोबर आहे. काच, फलक किंवा त्यांना चिकटून असलेलं काहीतरी. पण तो पुन्हा तुमच्या उजव्या हाताखालीच आला, तर काच निर्दोष सुटली. तीच काच आता वर जाऊन मजेत लिहू देते आहे. मग दोष चित्राबरोबर चालतो आहे किंवा हाताबरोबर.

इथे थांबायचं नाही. चित्र आणि हात यांना वेगळं करायला आणखी एक पाऊल लागतं. तळवा पूर्ण उचलून, फक्त टोक टेकवून लिहा. उमटलं? मग तळव्याचा स्पर्श टाळण्याची जी सोय यंत्रात असते, ती पेनालाही गिळते आहे. तळवा उचलूनही उमटलं नाही, तर ॲप बदलून बघा. दुसऱ्या ॲपमध्ये उमटलं तर पहिल्या ॲपच्या पानावर तिथे एखादं कुलूपबंद चित्र किंवा रिकामी मजकुराची चौकट पडलेली असू शकते. सगळ्याच ॲपमध्ये अडत असेल तर टॅबलेट सेफ मोडमध्ये सुरू करा; त्यात आपण बाहेरून घेतलेली ॲप्स झोपलेली असतात. बऱ्याच अँड्रॉइड यंत्रांत ‘पॉवर ऑफ’ हे बटण पडद्यावर दाबून धरलं की सेफ मोड विचारला जातो. पडद्यावर तरंगणारं एखादं बाहेरचं ॲप त्या जागेवर अदृश्य बसलेलं असेल, तर ते असं सापडतं.

आयपॅडवाल्यांसाठी एक सूचना. आयपॅडओएसच्या पंधराव्या आवृत्तीपासून खालच्या कोपऱ्यातून पेन्सिल आत ओढली की एका बाजूला स्क्रीनशॉट निघतो, दुसऱ्या बाजूला झटपट टिपणाची चौकट उघडते. कोपऱ्यातून रेघ सुरू करायला गेलं की यंत्र तिला रेघ समजत नाही, खूण समजतं. हा बिघाड नाही. सेटिंग्जमध्ये ही सोय बंद करता येते. विंडोजवाल्यांनी कंट्रोल पॅनलमधल्या टॅबलेट पीसी सेटिंग्ज पाहाव्यात. पेनाचं कॅलिब्रेशन, म्हणजे जागा जुळवणं, कोणी अर्धवट केलं असेल तर कडेला पोचताच येत नाही. तिथेच रीसेटचं बटण आहे, आणि तो रीसेट फक्त त्या जुळवणीचा आहे, तुमच्या फायलींचा नाही.

तरंगती खूण

अनुनादाच्या पेनाची एक परीक्षा फार बोलकी आहे. हे पेन काचेला न टेकवता, साधारण अर्धा-एक सेंटिमीटर वर धरलं, तरी पडद्यावर एक लहानशी खूण दिसते आणि पेनाबरोबर फिरते. म्हणजे ‘कुठे आहे’ हे टेकण्याआधीच कळतं, आणि ‘टेकलं का, किती दाबलं’ हे वेगळं कळतं. आता पेन तसंच वर धरून मुक्या भागावरून फिरवा. खूण तिथेही दिसत असेल पण टेकवल्यावर शाई येत नसेल, तर जागा कळते आहे, दाब कळत नाही. मग संशय निबवर, पेनातल्या दाबाच्या यंत्रणेवर किंवा ॲपवर. खूणच गडप होत असेल, तर जागाच कळत नाही, आणि निब बदलून काही होणार नाही.

निबचा दोष सहसा सगळ्या पडद्यावर दिसतो, एका कोपऱ्यात नाही. तेव्हा सगळीकडेच तुटक उमटत असेल तरच निबकडे वळा. अनुनादाच्या पेनाची झिजलेली निब चिमट्याने ओढून बदलता येते. ॲपल पेन्सिलचं टोक आटे फिरवून बसवलेलं असतं. ते ढिलं झालं तरी रेघ तुटते, नुसतं घट्ट केलं की काम होतं.

आता दोष काचेबरोबरच चालतो असं ठरलं, तर आकार पाहा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली सरळ पट्टी असेल, तर जाळ्यातली एखादी रेषा किंवा तिची जोडणी तुटली असण्याचा संभव मोठा. बाहेरून करण्यासारखं फारसं काही नाही. तो सर्व्हिस सेंटरचा विषय. चारी कडांना बारीकशी किनार मुकी असेल, तर कव्हरची चौकट किंवा स्क्रीनगार्डची कड पाहा. टेम्पर्ड ग्लास जाड असेल किंवा एका बाजूने उचलली गेली असेल, तर रबरी आणि सक्रिय पेनांना त्रास होतो. आणि फक्त चार्जिंगला लावलेलं असतानाच रेघ उड्या मारत असेल, तर चार्जर काढून पाहा. हलक्या चार्जरचा विजेचा गोंगाट स्पर्शाच्या जाळ्यात शिरतो.

एका जागी, पट्टीसारखा नव्हे तर डागासारखा मुका भाग असेल, आणि पेन अनुनादाचं असेल, तर आधी चुंबक शोधा. पेनाचं सगळं संभाषण चुंबकीय क्षेत्रातून चालतं, आणि शेजारी कायमचा चुंबक आला की त्या जागी ते बिघडतं. कव्हरच्या झाकणात चुंबक असतात. लॅपटॉपमध्ये असतात. स्पीकरमध्ये असतात. टॅबलेट लॅपटॉपवर ठेवून लिहिणारे कितीतरी जण आहेत, आणि त्यांना वाटतं यंत्र लहरी झालं. कव्हर पूर्ण काढा, टॅबलेट लाकडी टेबलावर किंवा जाड वहीवर ठेवा, आणि तिरप्या रेघा पुन्हा ओढा. पाच मिनिटांचं काम.

एका आकाराबद्दल मात्र गंभीरपणे सांगायचं आहे. मुक्या भागात काच किंचित वर आलेली दिसली, कडेला फट दिसली, सपाट टेबलावर टॅबलेट डगमगला, किंवा पडद्यावर तिथे दाबल्यासारखा रंगाचा डाग दिसला, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. तिथे सगळे प्रयोग बंद. चार्जिंगला लावू नका, बंद करा, दाबून बसवू नका, टोचू तर मुळीच नका. तसाच सर्व्हिस सेंटरला न्या. लिथियमची फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती कचऱ्याच्या बादलीतही टाकायची नसते.

कावळा आणि फांदी

तपासणीत माणूस सगळ्यात जास्त फसतो तो योगायोगाने. ‘परवा अपडेट आलं आणि काल कोपरा बंद पडला, म्हणजे अपडेटनेच केलं.’ कावळा बसायला आणि फांदी मोडायला. अपडेटने काही बिघडत नाही असं आम्ही म्हणत नाही. कधी कधी बिघडतंही. पण आधी आलं म्हणून कारण ठरत नाही.

न्यायशास्त्रात याला फार सुंदर शब्द आहे, उपाधी. जिथे आग तिथे धूर, असं कोणी म्हणालं तर नैयायिक हरकत घेतात. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग आहे, धूर कुठे आहे? धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. आगीबरोबर ओलं सरपण होतं, ते आपल्या लक्षात आलं नाही, आणि त्याचं श्रेय आपण नुसत्या आगीला दिलं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी. म्हणून अपडेट आलं त्याच आठवड्यात आणखी काय बदललं, ते आठवून कागदावर लिहा. नवं कव्हर? नवी काच? टॅबलेट पडला होता? लिहायची जागा बदलली? पाऊस लागला होता?

आपल्या त्या बाईंच्या गोष्टीत तसंच धरू. अपडेट आलं, त्याच आठवड्यात त्यांनी नवं कव्हरही घेतलं. त्याचं झाकण मागे दुमडलं की झाकणातले चुंबक नेमके त्या कोपऱ्यामागे जातात. बोट तिथे चालत होतं. उलटा फिरवल्यावर मुका भाग काचेबरोबर वर गेला. तरंगती खूण तिथे गडप होत होती. कव्हर काढलं, खूण परत आली. कव्हर चढवलं, पुन्हा गेली. अन्वयही झाला, व्यतिरेकही झाला. आता ‘कव्हरमुळे’ असं म्हणायचा अधिकार त्यांना आहे, आणि रीसेटही नको, डिस्प्लेही नको.

शेवट असा गोड होईलच असं नाही. कव्हर काढूनही, पेन बदलूनही, सेफ मोडमध्येही तो भाग मुकाच राहिला असता, तर दुकानदार बरोबर ठरला असता. पण तेव्हाही फरक राहतो. आता पडद्याशिवाय बाकी सगळं ठीक असल्याची खात्री झालेली आहे, उजेड लागलेला आहे. अशा वेळी न उमटलेली रेघ खरोखरच काचेबद्दल किंवा फलकाबद्दल बोलते. आणि बाई काउंटरवर जाऊन सांगू शकतात, ‘इथे बोट चालतं, पेन चालत नाही, त्याच जातीचं दुसरं पेन लावलं, कव्हर काढलं, उलटा फिरवला, दोष जागचा हलत नाही, हा नकाशाचा फोटो.’ असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला नको ती वस्तू विकणं जड जातं. आणि प्रामाणिक कारागीर असेल तर त्याचा अर्धा वेळ वाचतो.

शेवटी क्रमाबद्दल एकच नियम. जे परत फिरवता येतं ते आधी, जे फिरवता येत नाही ते शेवटी. सगळ्यात आधी लिखाणाची प्रत दुसरीकडे ठेवा. बोट चालत असेल तर तेवढं होतंच, नाही तर माउस जोडून करता येतं. मग टॅबलेट बंद करून पुन्हा सुरू करा, काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा. मग कव्हर, मग जागा, मग ॲप, मग फिरवणं, मग दुसरं पेन. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच तिरप्या रेघा. एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि पेन चालायला लागलं तर आनंद होतो, पण कळत काहीच नाही. पुढच्या महिन्यात तोच दोष आला की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. रीसेट अगदी शेवटी, बॅकअप उघडून बघितल्यावर. डिस्प्ले बदलणं त्याच्याही नंतर.

यात खास तंत्रज्ञानाचं ज्ञान फारसं लागत नाही. थोडा धीर लागतो, आणि ‘दिसलं नाही’ व ‘नाही’ या दोन वाक्यांत अंतर ठेवण्याची सवय लागते. ती सवय टॅबलेटपुरती ठेवायची की नाही, ते आपण आपलं ठरवावं. पत्राचं उत्तर आलं नाही, फोन उचलला नाही, तपासणीत काही निघालं नाही, तेव्हाही प्रश्न तोच असतो: असतं तर कळलं असतं का?

पुढच्या वेळी आपण शब्दप्रमाणाकडे वळू. म्हणजे दुकानदाराचं आणि भाच्याचं ऐकायचं ते कोणत्या आधारावर, त्याचा विचार करू. आज इतकंच.